नळीला बांधलेला बिल्ला

रंगाच्या त्या कारखान्यात तिला समोर सगळे "मॅडम" म्हणत आणि पाठ वळली की "जपूनबाई". कुठलंही बोलणं ती "जपून" या शब्दावर संपवी, म्हणून. हे टोपणनाव तिच्या सख्ख्या भाऊजींनीच, म्हणजे ताईच्या नवऱ्यानेच ठेवलं होतं, आणि ते त्यांनी तिला जेवणाच्या ताटावर सांगूनही टाकलं होतं.

"बाहेरच्या कुणी ठेवण्यापेक्षा घरच्याने ठेवलेलं बरं," ते म्हणाले होते. "त्यात माया असते."

भाऊजी टाक्या धुणाऱ्या टोळीत होते. रसायनशास्त्राची पदवी घेऊन ती तिथे सुरक्षा अधिकारी म्हणून लागली, तेव्हा त्यांना त्या टोळीत बरीच वर्षं झाली होती. ती लागल्याचा सगळ्यात जास्त आनंद ताईला झाला. "आता तू आहेस ना तिथे," ताई कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणे, "मग मला घोर नाही." ताई हे अगदी सहज म्हणे. तिला मात्र दर वेळी वाटे, की आपल्या ओंजळीत कुणीतरी काठोकाठ भरलेलं भांडं ठेवलंय आणि चालायला सांगितलंय.

रंग ढवळायच्या त्या टाक्या दोन मजले उंच होत्या. माथ्यावर एकच गोल तोंड, खांदे आवळून माणूस उतरेल एवढं. रंग बदलायचा झाला की कुणीतरी आत उतरून, पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने भिंती खरवडून काढाव्या लागत. आतल्या वाफा पेटू नयेत म्हणून एरवी टाकीत नायट्रोजन भरलेला असे. धुण्याआधी तो काढून साधी हवा भरायची, हवा तपासायची आणि मग माणूस उतरवायचा.

नायट्रोजनबद्दल ती नव्या-जुन्या सगळ्यांना एकच गोष्ट सांगे. तो विष नाही. त्याला वास नाही, रंग नाही, त्याने ठसकाही लागत नाही. श्वास कोंडला की आपण तडफडतो ते आत साठलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे. नुसता ऑक्सिजन कमी झाला तर शरीराला त्याचा पत्ताच लागत नाही. माणूस काम करता करता खाली बसतो आणि बसलेलाच राहतो.

"म्हणजे मरणाऱ्याला कळतच नाही?" एकाने विचारलं होतं.

"नाही कळत. म्हणून बाहेरच्याला कळलं पाहिजे."

"बरंच आहे की," मागच्या बाकावरून भाऊजी म्हणाले, "बायकोला सांगून निघायची कटकट नाही."

सगळे हसले. तीही हसली आणि मग म्हणाली, "जपून." त्यावर ते आणखी हसले.

बाहेरच्याला कळावं म्हणून टाकीच्या तोंडाशी एक माणूस बसत असे. या कारखान्यात तो मान एका वयस्कर काकांकडे होता. त्यांना सगळे ठोकेकाका म्हणत. आतल्या माणसाच्या पट्ट्याला बांधलेल्या दोराचं दुसरं टोक त्यांच्या मनगटाला असे. हवा मोजायचं छोटं यंत्र सुतळीने आत सोडायचं, वर घ्यायचं, पुन्हा सोडायचं. आणि थोड्या थोड्या वेळाने पान्याने टाकीवर दोन ठोके द्यायचे. आतून दोन ठोके परत आले की ठीक. नाही आले तर एकदा हाक, आणि मग विचार न करता दोर ओढायचा. बस्स, एवढीच पद्धत. काका दिवसभर बसून असतात म्हणून लोक त्यांची थट्टा करत. "काका, झोपेत ठोकता की जागेपणी?" काका म्हणत, "तू आत उतर, मग सांगतो."

भाऊजी मात्र साधे दोन ठोके कधी देत नसत. टक, टकटक, टक, असा शेवटी लाडिक झोका देऊन ते उत्तर देत. घरी आल्यावर दाराची कडीही तशीच वाजवत. ताई आतूनच म्हणे, "उघडते हो, कळलं कोण आहे ते."

कारखान्यात सुरक्षेचा सगळा कारभार संगणकावर आणायचं ठरलं, तेव्हा तिने आडकाठी केली नव्हती, उलट जोर लावला होता. परवाने, तपासण्या, किरकोळ अपघातांच्या नोंदी हे सगळं एका जागी दिसलं, तर कुठे काय चुकतंय ते आकड्यांतून कळेल, असं तिला मनापासून वाटत होतं. गळ्यात घालायच्या बिल्ल्याची मागणी तर तिचीच. आत उतरलेल्या माणसाची हालचाल थांबली की बिल्ला तारेविना खबर देतो, पडद्यावरचा हिरवा ठिपका लाल होतो आणि भोंगा वाजतो. टाकीतून खबर बाहेर पोचावी म्हणून तोंडातून आत एक वायरही सोडली होती. ठोकेकाकांच्या जोडीला हे असावं, असं तिने लिहून दिलं होतं.

तिने मागितलं होतं जोडीला, मिळालं बदली म्हणून. बिल्ले आले आणि महिन्याभरात काकांना मालाच्या गोदामात बसवलं. काका गेले तसा दोर गेला, कारण तो धरणार कोण? सुतळीवरचं यंत्रही गेलं. हवा आता उतरण्यापूर्वी एकदाच मोजायची आणि आकडा फोनवर भरायचा.

ती साहेबांकडे गेली. साहेब म्हणजे कारखान्याचे व्यवस्थापक; माणूस वाईट नव्हता, चहा पाजल्याशिवाय नकार देत नसे.

"बिल्ला माणूस पडल्यावर सांगतो," ती म्हणाली. "काका तो पडायच्या आधी सांगत होते. यंत्रावरचा आकडा उतरताना बघून."

"मॅडम, यंत्राला डुलकी लागत नाही."

"काकांनाही कधी लागली नाही, साहेब."

"तसं सिद्ध करता येतं का?" साहेबांनी कप पुढे सरकवला. "बिल्ल्याचं येतं. प्रत्येक क्षणाचं. घ्या, चहा घ्या."

बिल्ल्याची एक खोड होती. माणूस दम खायला भिंतीला टेकला, तोंडावरून हात फिरवत उभा राहिला, तरी त्याला वाटे की हा पडला. भोंगा वाजला की काम थांबे, सगळे धावत येत, आणि आतला माणूस तोंडातून डोकं काढून म्हणे, "जिवंत आहे, जा." असा प्रत्येक खोटा भोंगा त्या टोळीच्या नावावर चढे. जेवणघरात मोठा पडदा लावला होता, त्यावर प्रत्येक विभागाचे सुरक्षा गुण झळकत. टाकीवाले कायम तळाला. पॅकिंगमधल्या बायका येता-जाता विचारत, "काय हो, आज कितींदा मेलात?"

मग एक दिवस टाकीवाल्यांचे भोंगे बंद झाले. आठवडा गेला, दुसरा गेला, टाकीवाले वर चढू लागले. साहेबांनी कौतुकाचा संदेश पाठवला. तिच्या मनात मात्र पाल चुकचुकली. दम न खाता फवारा मारणारी माणसं तिने पाहिली नव्हती. दुपारच्या फेरीत ती जाळीच्या कट्ट्यावर चढली आणि वाकून आत डोकावली. भाऊजी भिंतीला पाठ टेकून आरामात उभे होते, आणि त्यांचा बिल्ला फवाऱ्याच्या जाड नळीला फडक्याने बांधलेला होता. पाण्याच्या दाबाने नळी अखंड थरथरत होती. बिल्ल्याच्या मते माणूस जोरात कामाला लागला होता.

"भाऊजी, वर या."

ते वर आले, तोंड पुसलं. "बघ बाई, चिडू नकोस. दोन मिनिटं टेकलं की हा बोंबलतो. त्याला कोण समजावणार, की चाळिशीनंतर माणूस टेकतो?"

"कुणाची कल्पना?"

"कल्पना कसली, सगळेच करतात. नळी दमत नाही ना."

"तुम्ही पडलात तर कुणाला कळणार?"

त्यांनी पुन्हा एकदा तोंड पुसलं. मग म्हणाले, "आमचा काका परत दे, मी बिल्ला कपाळाला चिकटवतो."

ती पुन्हा साहेबांकडे गेली. नावं न घेता तिने सांगितलं, की लोक बिल्ला अंगावर ठेवत नाहीत, कारण तो टेकूही देत नाही. हवं तर बिल्ला राहू दे, पण तोंडाशी माणूस द्या.

"लोक बिल्ला काढतात?" साहेबांनी लगेच पेन उचललं. "कोण? नावं द्या."

"नावांनी काही होणार नाही. सगळेच."

"सगळे हे नाव नाही, मॅडम. आणि नोंदीत तर सगळं छान दिसतंय. आधी भोंगे वाजत होते तर तुम्ही म्हणत होता, पद्धत चुकीची आहे. आता वाजत नाहीत तरी चुकीची?"

खरं म्हणजे हेच तिचं म्हणणं होतं, पण त्या वाक्यात ते किती हास्यास्पद वाटत होतं, हे तिलाही ऐकू आलं.

तिच्या हातात एक गोष्ट उरली होती. टाकीत उतरायच्या परवान्याला तिची मंजुरी लागे. तिने ती देणं थांबवलं. दोन तास ती अडून बसली आणि मग पडद्यावर दिसलं, की परवाना मंजूर झालाय. ठरलेल्या वेळात सुरक्षा अधिकाऱ्याकडून उत्तर आलं नाही, तर अर्ज आपोआप साहेबांकडे जात असे आणि तिथून मंजूर होऊन येई. वर तिच्याच नावापुढे "विलंब" अशी नोंद पडली.

शेवटी तिने भाऊजींना घरी गाठून शब्द घेतला. ताई समोरच होती. "मेहुणीबाईंचा हुकूम," ते म्हणाले, "बिल्ला गळ्यातच. झोपतानाही घालू का?" ताई हसली. पण ते शब्द पाळतात की नाही, हे बघायला तिला टाकीवर जायला हवं होतं, आणि फेऱ्यांचा वेळ आता खुर्चीत जात होता. कुणाचा हातमोजा फाटला, कुठे जिन्यात तेल सांडलं, सगळ्याच्या सूचना तिच्या पडद्यावर येत. प्रत्येकीला वेळेत उत्तर दिलं नाही की ती सूचनाही लाल होई. माणसांना धोक्यापासून वाचवायचं सोडून ती ठिपक्यांना लाल होण्यापासून वाचवत होती.

त्या दिवशी ती दुपारच्या फेरीआधीच खुर्चीतून उठली. कारण काही नव्हतं, डोळे दुखत होते. अंगणातून जाताना सवयीने तिची नजर सांडपाण्याच्या चरावर गेली. निळ्या रंगाच्या टाकीचं धुणं चालू होतं. धुणारा भिंत खरवडतो तेव्हा चरातलं पाणी एकसारखं येत नाही. कधी गडद निळं, कधी फिकट, मध्येच गाळाचा लोट. आता ते एका संथ धारेत येत होतं, स्वच्छ, नळाच्या पाण्यासारखं. म्हणजे नळी कुठेतरी एकाच जागी पडली होती.

ती धावली. कट्ट्यावर चढता चढता तिने फोन काढून पाहिला. ठिपका हिरवा होता. खाली लिहिलं होतं, हालचाल सामान्य. कट्ट्यावर पान्यासाठी तिने हात फिरवला, पण पाना काकांबरोबरच गेला होता. तिने गळ्यातल्या शिट्टीने टाकीवर ठोके दिले. दोन. मग पुन्हा दोन. मग हाक मारली, आणि ती टाकीतून फिरून तिच्याकडेच परत आली.

आत भाऊजी भिंतीला टेकून बसले होते. मान छातीवर आलेली, जणू डुलकी लागलीय. शेजारी नळी थरथरत होती आणि तिला बांधलेला बिल्ला आपलं काम चोख करत होता.

तिने भोंग्याची कळ दाबली, सिलिंडर जोडलेली श्वासाची टोपी घेऊन येणाऱ्या माणसांना बोलावलं, नायट्रोजनची झडप तपासायला एकाला पिटाळलं, दुसऱ्याला हवेची नळी आणायला. हे सगळं तिने शांत आवाजात केलं, असं लोक नंतर सांगत. तोवर टोळीतला भाऊजींचा जोडीदार वर पोचला होता. त्याने एक पाय तोंडात घातलासुद्धा.

"थांब."

"मॅडम, तिथे बसलेत ते."

"टोपी येऊ दे."

"तोवर काय बघत बसायचं?"

"हो."

त्याने तिला बाजूला सारायचा प्रयत्न केला. तेव्हा ती त्या गोल तोंडावर बसली. अक्षरशः बसली, दोन्ही हातांनी कड धरून. एकाच्या मागे दुसरा उतरतो आणि दोघेही राहतात, हे तिने वर्षानुवर्षं शिकवलं होतं; चित्रं काढून, पुन्हा पुन्हा, त्यांना कंटाळा येईपर्यंत.

"तुमचे सख्खे भाऊजी आहेत ते," जोडीदार म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, नवल होतं.

"माहीत आहे," ती म्हणाली.

हवेची नळी आली, तिने ती कडेच्या फटीतून आत सोडली, भाऊजींच्या तोंडाच्या दिशेने. ती पोचत होती की नाही, कळत नव्हतं. खाली त्यांचे बूट दिसत होते. डावीकडच्या बुटाची नाडी सुटलेली होती. दोर असता, तर एव्हाना ते कट्ट्यावर असते. ती बसून राहिली. मेंदूला ऑक्सिजनशिवाय किती वेळ तग धरता येतो, हे तिला नेमकं माहीत होतं, आणि त्या क्षणी ते माहीत नसतं तर फार बरं झालं असतं.

टोपीवाले आले, उतरले, भाऊजींना बांधून वर काढलं. श्वास चालू होता, थोडा थोडा. नायट्रोजनची झडप बंद होती, पण नीट बसली नव्हती; सकाळी हवा मोजली तेव्हा ती ठीकच होती, मग नायट्रोजन हळूहळू आत झिरपत राहिला असावा.

भाऊजी वाचले, असं सगळे म्हणत होते. दवाखान्यात त्यांनी डोळे उघडले, घास गिळला, हाताने चादर ओढून घेतली. बाकीचं केव्हा येईल, येईल की नाही, हे डॉक्टर सांगत नव्हते. "वाट बघा," म्हणत.

कारखान्यात तिला अपघाताची नोंद करायची होती. संगणकाने विचारलं, कर्मचाऱ्याने उपकरण घातलं होतं का? तिने "होय" केलं, तर पुढे सरकेना. त्या पूर्ण वेळात कर्मचारी सक्रिय असल्याचं दिसतं, वेळ तपासा, असं म्हणू लागला. त्याच्या लेखी कुणी पडलंच नव्हतं. तिने "नाही" करून पाहिलं. कारणाच्या चौकटीत आपोआप शब्द उमटले: वैयक्तिक निष्काळजीपणा. ते बदलता येत नव्हते. "इतर" असं काही नव्हतं. टाकीच्या तोंडाशी माणूस नव्हता, हे लिहायला जागाच नव्हती, कारण तिथे माणूस असायला हवा, हे त्या यंत्रणेला कुणी सांगितलंच नव्हतं.

तिने वेगळं पत्र लिहून साहेबांच्या हातात दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. या वेळी चहा मागवला नाही.

"हे मी वर पाठवतो," ते म्हणाले. "पण वरचे लोक उघडून बघतील पडद्यावरची नोंदच. तुम्हाला ठाऊक आहे."

"काका परत बसतील?"

"नवे बिल्ले येतायत," साहेब खिडकीकडे बघत म्हणाले. "मनगटाला कुलूप लागणारे. काढताच येणार नाहीत. म्हणजे असं पुन्हा व्हायला नको."

"टेकलं तर वाजतील?"

"वाजतील की."

नोंदीची मुदत संध्याकाळी संपत होती. ती संपली, आणि नोंद आपोआप साहेबांकडे गेली आणि तिथून त्याच कारणासकट मंजूर होऊन आली.

दवाखान्यात ताई पलंगाशेजारी बसून टॉवेलची घडी घालत होती, मोडत होती, पुन्हा घालत होती.

"बिल्ला काढून ठेवला होता म्हणतात," ताई म्हणाली. "कारखान्यातला माणूस आला होता. खरं का गं?"

"काढला होता. पण ताई, त्याचं कारण—"

तिने सांगितलं. नळी, भोंगा, गुण, काका, झडप. नेहमीसारखं क्रमाने, कुठेही न अडखळता. ताई ऐकत राहिली. तिला त्यातलं किती कळलं, कुणास ठाऊक. सगळं सांगून झाल्यावर ताई म्हणाली, "पण तू होतीस ना तिथे."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर तिला काही उत्तर देता आलं असतं.

ताई पाणी आणायला बाहेर गेली. भाऊजी छताकडे बघत पडले होते. दाढी कुणीतरी नीट केलेली होती. तिने गळ्यातली शिट्टी हातात घेतली आणि पलंगाच्या लोखंडी कडेवर हलकेच दोन ठोके दिले.

त्यांनी मान वळवली. आवाज कुठून आला, ते शोधलं, तिच्यावर नजर थांबवली आणि अगदी सभ्यपणे किंचित हसले, शेजारच्या पलंगावरच्या माणसाला भेटायला आलेल्या पाहुण्याकडे बघून हसावं तसे. त्यांचा हात कडेला लागूनच होता.

तिने पुन्हा दोन ठोके दिले, आणि वाट बघत राहिली.